शनवार तेल्याची टॅक्सी

आमच्या जुडाची टॅक्सी इथे यहुद्यांच्या देशात, ओफाकिम गावात, सगळ्यांना माहीत होती. लांबलचक अमेरिकन गाडी, सात उतारू बसतील एवढी. मूळचा रंग निळा आणि मागचं एक दार हिरवं, कारण ते दुसऱ्याच गाडीचं. नेतिवोत, ओफाकिम, बेरशेवा अशा तिच्या दिवसभर खेपा चालायच्या. जुडा माझा धाकटा भाऊ. भायखळ्याला होता तेव्हापासून टॅक्सीच चालवतोय. मी मलका, थोरली. नवरा गेल्यापासून मी त्याच्याच बिल्डिंगमध्ये, त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते. म्हणजे त्याच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि काय बिनसलंय ते आवाजावरून. मी फार नाक खुपसते असं सुझॅन, माझी भावजय, म्हणते. म्हणू दे. नाक आहे तर खुपसणारच.

त्या टॅक्सीला एक खोड होती. किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन बंद व्हायचं नाही. धड चालायचंही नाही. खों-खों, धडाड, पुन्हा खों-खों, असं आपलं आपणच सुरू राहायचं. गाडी जागच्या जागी हादरत असायची आणि किल्ली जुडाच्या हातात.

"बाय, इंजिनने कार्बन धरलाय," जुडा मला समजावून सांगायचा. "आत काजळीचे थर बसलेत. ते तापून लाल होतात. मग ठिणगी नको नि काही नको, पेट्रोल आत आलं की आपलंच पेट घेतं."

धरणारच. पेट्रोल स्वस्तातलं, आणि दर स्टॉपवर थांब, पुन्हा नीघ. शिवाय जुडाचा पाय म्हणजे पापडावर ठेवल्यासारखा. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी कधी मोकळी पळवली म्हणून नाही. खोडीवर त्याने त्याचं औषधही शोधलं होतं. ब्रेकवर पाय घट्ट ठेवायचा, गाडी गियरमध्ये टाकायची आणि क्लच झटकन सोडायचा. एक दणका बसायचा आणि इंजिन मुकाट गप्प व्हायचं. त्यामुळे कोणी ते मनावर घेतलं नव्हतं.

घात झाला एका शुक्रवारी. थंडीचे दिवस, सूर्य लवकर बुडणार. नेतिवोतच्या रस्त्यावर लष्कराच्या ट्रकांची रांग आडवी आली आणि जुडा अडकला. शब्बाथ म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, शुक्रवारी सूर्य बुडताना लागतो, आणि मग कुठलंही यंत्र चालू करायचं नाही की बंद करायचं नाही. आमच्या गावात तो लागला की सायरन वाजतो. जुडा गल्लीत वळला आणि सायरन सुरू झाला. त्याने घाईघाईने गाडी उभी केली, किल्ली काढून सीटवर टाकली, दार लोटलं. त्या गडबडीत गियरचं औषध द्यायला विसरला.

सायरन थांबला. त्यानंतर एरवी आमच्या गल्लीत अशी शांतता पसरते की कोणाच्या घरात चमचा पडला तरी ऐकू यावा. त्या शुक्रवारी त्या शांततेत एकच आवाज होता, आमच्या टॅक्सीचा. खों-खों. धडाड. खों-खों.

पांढरे शर्ट घालून सिनेगॉगला निघालेले लोक थबकले. शेजारची शुला गॅलरीत आली.

"जुडा, बंद कर ना ती!"

"शब्बाथ लागला, शुला."

"मग ती कोण चालवतंय?"

सगळी गल्ली हसली. तळमजल्यावरचा योराम, शब्बाथ-बिब्बाथ न पाळणारा, सिगारेट ओढत पुढे आला. म्हणाला, "हलो बाजूला. मला चालतं. मी बंद करतो."

जुडाने दारावर हात आडवा लावला. "तुलाही नाही चालत. तू पण यहुदीच ना?"

"मग काय, रात्रभर ओरडू देणार?"

"ओरडू दे. हसायचं त्यांना हसू दे. शब्बाथ मोडणार नाही."

आणि हाताची घडी घालून तो गाडीजवळ उभा राहिला. मान खाली. गाडी थरथरत होती, हिरवं दार खडखडत होतं, आणि माझा भाऊ चोर पकडल्यासारखा सगळ्यांच्या मध्ये उभा. मी वरून खिडकीतून बघत होते. लाजेने अंगाचा भडका उडाला. शेवटी गाडीने एक मोठी ढेकर दिली आणि थांबली. किती वेळ गेला देव जाणे. मला तर रोशाश्शानाच्या सणापासून किप्पूरच्या उपासापर्यंतचे दहा दिवस गेल्यासारखे वाटले.

आता यात एवढं लाजण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. सांगते. आम्ही कोकणातले, तेलाचा धंदा करणारे. शेकडो वर्षं तिथे राहिलो, हिब्रू विसरलो, पोथ्या विसरलो, सगळं विसरलो. पण शनिवारी घाणा फिरला नाही. म्हणून गावाने आम्हांला नावच दिलं, शनवार तेली. जे काम आम्ही करत नव्हतो त्यावरून आमचं नाव पडलं. आमचे आजोबा शुक्रवारी संध्याकाळी बैल सोडायचे आणि मग घाण्यावर हात ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहायचे. मी लहान होते. विचारलं, "आजोबा, आता काय बघता?" म्हणाले, "बघत नाही गं. ऐकतोय. बंद झालाय ते."

त्या आजोबांची नातवंडं आम्ही. इथे आलो तर आम्हांलाच विचारणारे लोक भेटले, तुम्ही खरे यहुदी ना? आणि आता भर गल्लीत, सगळ्यांसमोर, शनवार तेल्याचा घाणा शनिवारी फिरला होता.

बरं, हसणाऱ्यांत एक माणूस हसला नाही. समोरच्या बिल्डिंगमधला, काळ्या टोपीवाला. तो नुसता बघत राहिला आणि मग मान हलवत निघून गेला. तो त्सिपोराचा भाऊ होता, आणि खरी आग तिथेच होती.

त्सिपोरा म्हणजे अमोसची आई. अमोस नेतिवोतचा, इलेक्ट्रिशियन. आमची तिकवा, जुडाची एकुलती एक, दवाखान्यात नर्स. दोघांचं जुळलं होतं. पण त्सिपोरा ट्युनिशियाहून आलेली, विधवा बाई, किराणा दुकानावर मुलं वाढवलेली, धर्माला कडक. पुढच्या शुक्रवारी ती आमच्याकडे शब्बाथला येणार होती. घर बघून हो किंवा नाही म्हणणार होती, आणि आईच्या शब्दाबाहेर अमोस जाणारा नव्हता. तिकवाने माझ्या मांडीवर डोकं ठेवून मला सांगितलं होतं, आत्या, हाच, नाहीतर कोणीच नको. ती पोरगी उगाच बोलणाऱ्यांतली नाही.

रविवारी ती दवाखान्यातून आली ती डोळे सुजवून.

"झेहू. निगमार. संपलं सगळं," ती म्हणाली. आम्ही मराठीत विचारावं आणि तिने हिब्रूत उत्तर द्यावं असं आमच्या घरात चालतं. अमोसचा दवाखान्यात फोन आला होता. मामाने शनिवारी रात्रीच नेतिवोतला जाऊन सगळं सांगितलं होतं.

"मग त्याची आई काय म्हणाली?" सुझॅनने विचारलं.

"काहीच नाही. एवढंच म्हणाली, शुक्रवारी जाऊ. आणि त्याच टॅक्सीने जाऊ."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्याच टॅक्सीने! म्हणजे बाई स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतःच्या कानांनी ऐकून मग नकार देणार. वर हेही सांगितलं होतं की दुकान बंद केल्याशिवाय निघता यायचं नाही. म्हणजे पोचायला पुन्हा सायरनची वेळ.

"गियरमध्ये टाकून बंद कर की नेहमीसारखी," मी म्हणाले.

"आणि तो दणका बसेल तेव्हा बाईचं कपाळ काचेवर आपटू दे?" जुडा ओरडला. "नाही बाय. किल्ली फिरवली की गाडी गप्प झाली पाहिजे. सभ्य माणसांच्या गाडीसारखी."

गॅरेजवाल्याने मान हलवली. इंजिनचं डोकं उतरवायचं, आतून खरवडायचं, आठवडा लागेल. आठवडा कुठला आणायचा? सुझॅनला काळजी लागली की ती तळायला घेते. त्या दोन दिवसांत आम्ही इतक्या पुऱ्या खाल्ल्या की माझ्याच इंजिनाने कार्बन धरला असेल.

आणि मंगळवारी बिन्यामिन उगवला.

बिन्यामिन म्हणजे अराद गावात राहणाऱ्या आमच्या भावाचा मुलगा. सैन्यात गाड्यांच्या खात्यात होता, आता सुटून आला होता आणि गाड्यांसाठी लागणाऱ्या नाना वस्तू विकत फिरत होता. तोंड म्हणजे रेडिओ, बटण सापडत नाही. त्याने खोड ऐकली आणि टाळीच वाजवली.

"काका! डोकं उतरवायचं? आजकाल कोण उतरवतं? तोसेफेत!" त्याने पिशवीतून लाल पट्ट्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. "औषध! इंजिन चालू असताना वरून पाजायचं. कार्बन भिजतो, सुटतो, आणि धुरातून बाहेर. मग एक डबा पेट्रोलच्या टाकीत. यिहये बेसेदेर, सगळं ठीक होईल!"

"कार्बन बाहेर, आणि इंजिन?" मी विचारलं.

"इंजिन जागच्या जागी, दोदा मलका." दोदा म्हणजे आत्या.

"तू स्वतः कधी केलंयस?"

"हजारदा!" तो म्हणाला. म्हणजे एकदाही नाही, हे मला त्याच्या भुवयांवरून कळलं. पण जुडाच्या डोळ्यांत रविवारपासून पहिल्यांदा उजेड दिसला. मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते तेव्हा प्रकरण गंभीर आहे असं समजावं.

बुधवारी दुपारी कार्यक्रम ठरला. बॉनेट उघडलं. बिन्यामिनने वरचा मोठा डबा, हवा गाळणारा, काढून बाजूला ठेवला. खाली कार्बुरेटरचं तोंड उघडं पडलं. जुडा आत बसून पाय जरा दाबून इंजिन घुमवत ठेवणार, आणि बिन्यामिन वरून बारीक धारेने औषध सोडणार. गल्लीतली झाडून सगळी माणसं जमली. शुक्रवारी फुकटचा तमाशा बघितलेला, आता दुसरा खेळ लागला होता.

पहिला घोट गेला. इंजिन ठसकलं. दुसरा घोट, आणि मागच्या नळीतून धूर आला. धूर म्हणजे काय! पांढरा, जाडजूड, लोळ नुसता. आधी टॅक्सीचं मागचं अर्धं दिसेनासं झालं, मग शुलाची बिल्डिंग दिसेनाशी झाली. लोक खोकत मागे पळाले आणि बरं वाटलं की पुन्हा पुढे आले.

"माझे धुतलेले कपडे!" शुला धुरातून ओरडली. "जुडा, शब्बाथला आवाज आणि मधल्या वारी धूर!"

"आणखी पाय दाबा काका, बंद पडू देऊ नका!" बिन्यामिन.

"मरतेय रे ती!" जुडा.

"मरत नाही, शुद्ध होतेय!"

कोणीतरी आगीचा बंब बोलावा म्हणून ओरडलं. सुझॅन पाण्याची बादली घेऊन धावत आली आणि धुरात तिने ती योरामच्या अंगावर ओतली. मी गॅलरीतून पदर नाकाला लावून बघत होते, आणि खरं सांगते, मला मजा येऊ लागली होती. इतके दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण, आणि आता खाली निदान काहीतरी घडत होतं. शेवटी बिन्यामिनने राहिलेलं सगळं औषध एकदम ओतलं. इंजिनचा श्वास कोंडला आणि ते गचकन बंद पडलं.

"आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही," तो म्हणाला. "भिजू दे. उद्या घाट."

घाट म्हणजे मृत समुद्रापासून अरादपर्यंतचा चढ. बिन्यामिनचं म्हणणं, नुसतं भिजवून भागत नाही, सुटलेला कार्बन जाळून बाहेर फेकायला गाडी चढावर ताणावी लागते. गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मी का गेले? त्या दोघांवर सोडलं असतं तर जुडा पाय दाबणार नाही आणि बिन्यामिन तोंड दाबणार नाही, म्हणून गेले. बरोबर पाण्याचे डबे, सुझॅनच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं.

अराद मागे टाकून खाली उतरलो. कान बंद झाले. खाली तो खारा समुद्र, निळा, जड, लाट म्हणून नाही. तिथे गाडी वळवली आणि समोर घाट उभा राहिला.

"दुसरा गियर," बिन्यामिन म्हणाला, "आणि पाय तळाला. इंजिन ओरडू दे."

जुडाने पाय दाबला. म्हणजे त्याच्या मते दाबला.

"आणखी!"

"बोरघाट चढवलाय मी, मला नको शिकवू. पेट्रोल पितेय ती!"

"अरे, मुलीचं लग्न मोडायला निघालंय आणि हा पेट्रोल वाचवतोय!" मी मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली. "दाब! दाब म्हणते ना!"

आणि जुडाने दाबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा पाय तळाला टेकला. टॅक्सीने असा हंबरडा फोडला की मी सीटला चिकटले. मागे वळून बघते तो काय, पांढरा धूर संपला होता आणि काळा सुरू झाला होता. काळाकुट्ट! त्यातून कोळशाचे बारीक कण उडत होते, मधूनच एखादी ठिणगी. मागे टुरिस्टांची बस होती, तिच्या खिडक्या पटापट बंद झाल्या.

"निघतोय! निघतोय! बघा काका, किती निघतोय!" बिन्यामिन खिडकीबाहेर कमरेपर्यंत लोंबकळत होता.

"धडाम!" मागच्या नळीतून बार उडाला. बसवाल्याने हॉर्न वाजवला. मी ओरडले. कशासाठी ते माहीत नाही, पण ओरडायला फार बरं वाटलं. जुडाही ओरडत होता, "चल गं माझी राणी, चल!" आणि एरवी चढावर जी टकटक टकटक चालायची, कोणी आत हातोडी मारतंय अशी, ती कमी होऊ लागली.

वर पोचलो. जुडाने गाडी कडेला घेतली. त्याने किल्ली फिरवली.

खों. खों-खों. धडाड.

जुडाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. बिन्यामिनसुद्धा गप्प, यावरून काय ते समजा. माझा जीव तुटला. शुक्रवारी गल्लीत मान खाली घालून उभा असलेला तो, आणि आता हा असा. पोरीला काय तोंड दाखवणार होता?

मी गाडीतून उतरले आणि तिथेच, वाळवंटाकडे तोंड करून, एलियाहू हन्नबीला हाक मारली. आमच्या लोकांत अडलं-नडलं की त्यालाच हाक मारतात. तो रथातून स्वर्गात गेला तेव्हा त्या रथाच्या चाकाची खूण आमच्या कोकणातल्या खंडाळ्याच्या, घाटावरच्या नव्हे, खडकावर उमटली, असं आम्ही मानतो. मी म्हणाले, "बाबा, तुलाच गाडीघोड्याची माहिती. ही बंद होऊ दे. तुझा मलिदा करीन. पोहे, खोबरं, साखर, पाच फळं, सगळं यथासांग करीन."

आणि वळून म्हणाले, "दुसरा डबा कुठाय? ओत टाकीत. पुन्हा खाली चला."

"दोदा मलका," बिन्यामिन म्हणाला, "तुम्ही सैन्यात जायला हवं होतं."

दुसऱ्या खेपेला जुडाला काही सांगावं लागलं नाही. पायथ्यापासूनच पाय दाबला. पुन्हा काळा धूर, पुन्हा बार. पण अर्ध्या घाटात धूर विरळ झाला. इंजिनचा आवाज बदलला. घसा साफ झालेल्या माणसासारखा एकसुरी, मोकळा आवाज. टकटक बंद. टॅक्सी चढ असा चढत होती की मलाच कौतुक वाटलं. एका ट्रकला आम्ही मागे टाकलं! जुडाने उभ्या जन्मात ट्रकला मागे टाकलं नव्हतं.

वर आलो. गाडी थांबली. जुडाने किल्ली फिरवली.

काही नाही.

मला वाटलं माझे कानच गेले. मग वाऱ्याचा आवाज आला आणि लांबून कुठेतरी शेळ्यांची घंटा. जुडाने पुन्हा गाडी सुरू केली, पुन्हा बंद केली. गप्प. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. गप्प! तो दार उघडून उतरला आणि रस्त्याच्या कडेला नाचायला लागला, हळदीच्या रात्री नाचतात तसा, दोन्ही हात वर करून. बिन्यामिनने मला धरून गिरकी दिली. आम्ही तिथेच दगडांवर बसून पुऱ्या खाल्ल्या. सुझॅनच्या पुऱ्या इतक्या चांगल्या मला कधीच लागल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी जुडाने घरच्या दारात गाडी किती वेळा सुरू करून बंद केली त्याला गणती नाही. "बॅटरी उतरेल," सुझॅन आतून ओरडायची. शेवटी तिकवाने जाऊन त्याच्या हातातून किल्ली घेतली. आणि आबा, दाय, पुरे आता, म्हणून त्याच्या गळ्यात पडली.

शुक्रवार आला. जुडा पांढरा शर्ट घालून नेतिवोतला गेला. इकडे सूर्य खाली उतरत होता आणि गल्ली भरत होती. कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. शुला पुन्हा धुतलेले कपडे काढून घेऊन गॅलरीत उभी. योरामही आला. समोरच्या बिल्डिंगखाली काळी टोपी उभी. तिकवाचे हात मी माझ्या हातांत धरले होते.

गाडी वळली. सावकाश आली. आमच्या दारासमोर थांबली. मागच्या सीटवर अमोस, आणि त्याच्याशेजारी डोक्याला रुमाल बांधलेली, मांडीवर कुसकुसचं भलंमोठं भांडं धरलेली त्सिपोरा. सायरनला अजून थोडा वेळ होता.

जुडाने वर माझ्याकडे बघितलं. आणि किल्ली फिरवली.

गप्प. अगदी गप्प. बिन्यामिनने हवेत मूठ उडवली. शुलाने चक्क टाळ्या वाजवल्या. मी तिकवाचा हात इतका दाबला की ती ओरडली, आणि आम्ही दोघी जिन्यावरून खाली धावलो.

पण त्सिपोरा उतरेना. भांडं धरून तशीच बसून राहिली.

"या ना," जुडा दार उघडून म्हणाला. "पोचलो."

"बंद झाली?" तिने विचारलं.

"झाली."

"अशीच? लगेच?"

"अगदी लगेच!" जुडाचा चेहरा फुलला होता.

"मग ती दुसरी टॅक्सी कुठेय?"

"दुसरी कुठली?"

"माझ्या भावाने बघितली ती. किल्ली काढली तरी चालत राहते ती."

जुडाचा चेहरा उतरला. "हीच ती," तो म्हणाला. "पण आम्ही साफ केली तिला. आता पुन्हा कधी तसं होणार नाही. शपथ घेऊन सांगतो."

"साफ केली?" ती म्हणाली. आणि तिच्या आवाजात राग नव्हता. ती चक्क हिरमुसली होती. मग तिने भांडं सुझॅनच्या हातात दिलं, खाली उतरली आणि जुडासमोर उभी राहिली. बाई उंच, जुडाच्या डोक्याला डोकं लागेल एवढी.

"माझा भाऊ शनिवारी रात्री आला तो रडतच," ती म्हणाली. "म्हणाला, सगळी गल्ली हसत होती. एक पोरगा म्हणत होता, मी बंद करतो. आणि त्या होदी, हिंदुस्थानातून आलेल्या माणसाने दारावर हात आडवा लावला. हसायचं त्यांना हसू दे म्हणाला, शब्बाथ मोडणार नाही." तिने अमोसकडे बोट केलं. "अमोस केव्हापासून सांगतोय, मुलगी चांगली आहे. मुली काय, सगळ्याच चांगल्या असतात. मला घर बघायचं होतं. ते त्या रात्रीच बघून झालं. आज मी बघायला नाही आले, हो म्हणायला आलेय. फक्त त्या गाडीत बसून यायचं होतं मला. ती ऐकायची होती."

अमोस तिकवाकडे बघत होता आणि तिकवा जमिनीकडे. जुडा बिन्यामिनकडे वळला.

"काय रे," तो म्हणाला, "कार्बन परत भरता येतो का?"

"येतो ना काका," बिन्यामिन म्हणाला. "स्वस्तातलं पेट्रोल टाका आणि तुमच्यासारखी चालवा. तिकवाला पोर होईपर्यंत भरेल."

मग जी हसली गल्ली! पण आता आम्हीही त्यांच्यात होतो. सुझॅन हसत होती आणि रडत होती, आणि काळ्या टोपीवाल्याने येऊन जुडाचा हात धरला.

तेवढ्यात सायरन सुरू झाला. जुडाने किल्ली सीटवर टाकली, दार लोटलं, आणि सायरन थांबला तरी तो गाडीजवळच उभा राहिला. हाताची घडी, मान खाली, अगदी मागच्या शुक्रवारसारखा. फक्त या वेळी एक हात सुटला आणि गाडीच्या गरम बॉनेटवर जाऊन टेकला. माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पुसलीही नाही.

"आता कशासाठी उभा आहे तो?" त्सिपोराने मला हळूच विचारलं. "आता तर बंद झालीय."

"म्हणूनच," मी म्हणाले. "बंद झालीय ते ऐकतोय."

तिने मान डोलावली, आणि तीही त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.